सहाव्या दिवसाची नोंद

पत्र आलं तेव्हा मी पोहे खात होते. निवृत्त बाईच्या घरी सरकारी पाकीट आलं म्हणजे पेन्शनचं काहीतरी असणार, फार तर हयातीच्या दाखल्याचं. म्हणून मी ते खात खातच फोडलं. आत चौकशी समितीसमोर हजर राहण्याची सूचना होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णांना रोज फोन करून विचारपूस करायचं काम आम्हा शिक्षकांना दिलं होतं. माझ्या यादीतले एक गृहस्थ त्यात गेले. त्यांच्या मुलीने आता चार वर्षांनी तक्रार केली होती आणि तिच्या अर्जाची प्रत सोबत जोडली होती.

अर्ज दोन पानी होता. खाट का मिळाली नाही, मदतवाहिनीने काय केलं, जबाबदार कोण, असं सगळं क्रमाने विचारलं होतं. शेवटची मागणी मात्र साधी होती. 'वडील गेले त्या दिवशी शिक्षिकेने त्यांच्याशी फोनवर बोलून प्रकृती स्थिर असल्याची नोंद केली आहे. त्या बोलण्यात वडील काय म्हणाले, ते मला कळावं.'

मी ते दोनदा वाचलं आणि बशी बाजूला सारली. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नव्हते.

हे लिहिताना मी कुणाचंच नाव घेणार नाहीये. गेलेल्यांचं नाही, त्यांच्या मुलीचं नाही, कार्यालयाचं नाही, माझंही नाही. भित्रेपणा म्हणा हवं तर. आयुष्यभर वर्गात पोरांना 'कोणी केलं, त्याने उभं राहा' म्हणून दरडावलं, आणि स्वतःवर वेळ आली तर उभं राहायला मला चार वर्षं लागली. तीही पत्र आलं म्हणून.

मी नाशिकच्या सिडकोत राहते. एकटीच. लग्न केलं नाही, आई होती ती करोनाच्या आधीच गेली. एरवी अंबडच्या कारखान्यांच्या बसेस सकाळी आमच्या चौकातून जातात आणि त्यांच्या हॉर्नने मला जाग येते. त्या दिवसांत त्याही तुरळक झाल्या होत्या. शाळा बंद. सकाळी मोबाईलवर तास घ्यायचा, म्हणजे काळ्या चौकोनांना अपूर्णांक शिकवायचे. मधेच कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी ऐकू यायची आणि मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! कुणाच्या तरी घरी चार माणसांचा भात शिजतोय. माझ्या घरी मूठभर तांदूळ पातेलीत टाकले तरी दोन वेळचं होतं.

दुपारी रुग्णांची यादी. प्रत्येक रुग्णाला रजिस्टरमध्ये एक पान, पानावर रोजची एक ओळ. ताप, ऑक्सिजन, खोकला, शेरा. चारच्या आत सगळ्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकायचे, मग ते कार्यालयातल्या संगणकात चढायचे. कुणी फोन उचलला नाही तर 'संपर्क नाही' असं लिहायचं आणि त्याच दिवशी त्याच्या दाराशी जाऊन खात्री करायची, वेगळा फॉर्म भरायचा, दाराचा फोटो काढायचा. नियम वाईट नव्हता, खरं सांगते. पण आमच्या साहेबांचा रोज सकाळी मेसेज यायचा, 'आपल्या भागात संपर्क नाही शून्य आलं पाहिजे.' म्हणजे माणसाशी बोलणं झालंच पाहिजे असं नव्हे हं! रकाना शून्य आला पाहिजे. आणि तो शून्य आला की ग्रुपवर अंगठे, टाळ्या, गुलाबाची फुलं. मीसुद्धा टाळ्या टाकल्या आहेत, का खोटं बोलू?

मग शिक्षकांच्या हातांनी शिक्षकांचीच वाट काढली. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये गाव, तालुका, मातृभाषा असे रकाने असतात. पन्नास पोरांची मातृभाषा मराठी, तर पहिल्यापुढे मराठी लिहायचं आणि खाली दोन उभ्या काड्या ओढत जायच्या. वरीलप्रमाणे. तीस वर्षं त्या काड्या ओढून बोटांना वळण पडलेलं. एखाद्याने फोन उचलला नाही की कालच्या ओळीखाली दोन काड्या. ताप वरीलप्रमाणे, ऑक्सिजन वरीलप्रमाणे, शेरा वरीलप्रमाणे. झोपला असेल, अंघोळीला गेला असेल, उद्या उचलेलच की. कुणी कुणाला हे शिकवलं नाही, सगळेच करत होते. आपण खोटं लिहितोय असं वाटायचंही नाही, कारण आपण काही लिहीतच नव्हतो.

ते गृहस्थ माझ्या यादीत जवळपास शेवटी होते. बहात्तर वर्षांचे, अंबडच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मूळचे नांदगावकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला. पहिल्या दिवशी मी आपली पाठ केलेली वाक्यं म्हटली, 'नमस्कार, मी सर्वेक्षण पथकाकडून बोलतेय, आपली प्रकृती कशी आहे?' पलीकडून आवाज आला, "बरी हाय. तुमची कशीये?"

यादीतल्या एकाही माणसाने मला हे विचारलं नव्हतं. विचारतील कशाला, त्यांना श्वास पुरत नव्हता. पण खरंच सांगते, त्या महिन्यात मला हे कुणीच विचारलं नव्हतं. भाऊ नाशिकरोडला राहतो, त्यानेही नाही.

त्या दिवसापासून मी त्यांचा फोन सगळ्यात शेवटी ठेवायला लागले, म्हणजे घाई नको. ताटात आवडीचं शेवटी राखून ठेवतात ना, तसा. मी काका म्हणायचे, ते मला बाई म्हणायचे. "बाई, जेवल्या का?" हा पहिला प्रश्न. मग बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा सांगायचे, त्यातही थट्टा. "लिवा शहाण्णव. काठावर पास न्हाई, फस्ट क्लास." तिसऱ्या दिवशी बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "बाई, तुमचा नळ टपकतोय." मी म्हटलं, अहो फोनवरून कसं कळलं? तर म्हणाले, "चाळीस वर्सं मशिनीचा आवाज ऐकलाय. वायसर गेलाय त्याचा. मी सांगतो तसं करा." आणि मला फोन कानाला लावून, पान्हा हातात घेऊन नळ खोलायला लावला. मी वायसर उलटा बसवला, ते लय हसले. हसताना खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. त्या दिवशी मी शेऱ्यात लिहिलं, 'खोकला किंचित.'

पाचव्या दिवशी ऑक्सिजन चौऱ्याण्णव झाला. मी म्हटलं, काका, ॲडमिट व्हा. त्यांना दम लागत होता, तरी म्हणाले, "खाट हाय का कुठं, ते सांगा आधी." मी मदतवाहिनीला फोन लावत बसले, तासभर लागेना. लागला तेव्हा तिथल्या मुलीने सांगितलं, चौऱ्याण्णवला खाट नाही मिळत बाई, खाली गेला की कळवा. खाली गेला की! मी ते त्यांना सांगितलं आणि थोडा वेळ बोलून फोन ठेवला.

सहाव्या दिवशी मी त्यांना आधी लावला. शेवटपर्यंत थांबले नाही, एवढी काळजी मला होती, माझ्या बाजूने सांगण्यासारखं इतकंच. एक वाजता लावला, उचलला नाही. मग बाकीची यादी केली. साडेतीनला पुन्हा लावला, पूर्ण रिंग वाजून बंद झाला. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. त्यांचं घर माझ्यापासून स्कूटीवर दहा मिनिटं. आधीच्या आठवड्यात दोनदा मी अशीच 'संपर्क नाही' लिहून लोकांच्या दाराशी गेले होते. एक बाई झोपली होती, एका माणसाने चार्जर सापडत नाही म्हणून फोन बंद ठेवला होता, तो मलाच म्हणाला, कशाला आलात मरायला? ग्रुपवर साहेबांचा मेसेज आलेला, 'फक्त दोन शिक्षकांचे अहवाल बाकी.' त्या दोघांत मी.

मला भीती वाटली का? वाटली. दमले होते का? होते. पण पुष्कळदा विचार करून मी शेवटी या उत्तरावर आलेय की मला कंटाळा आला होता. बास. मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. मी त्यांच्या पानावर सहाव्या ओळीत दोन काड्या ओढल्या, फोटो काढला आणि चहा टाकला.

सातव्या दिवशी सकाळी आठला लावला, पुन्हा लावला. उचलला नाही. स्कूटी काढून गेले. दार आतून बंद, शेजारची दोन्ही घरं गावी गेलेली. पोलिसांना बोलावलं, त्यांनी दार उघडलं. मला आत जाऊ दिलं नाही. नंतर आलेल्या डॉक्टरने मास्कमधूनच सांगितलं, काल दुपार ते संध्याकाळ, मधे कधीतरी. दुपार की संध्याकाळ, हे मी त्यांना तीनदा विचारलं. ते म्हणाले, बाई, आता त्याने काय फरक पडतो? त्यांना पुढच्या घरी जायचं होतं.

मुलगी प्रवासाचा पास काढून पोहोचली तोवर सगळं आटोपलं होतं. माझ्याकडे तिचा नंबर होता, पानाच्या वरच्या कोपऱ्यात 'नातेवाईक' म्हणून लिहिलेला. मी फोन केला नाही. आज करू, उद्या करू, आता तिला त्रास नको, आता फार उशीर झाला. मला त्या वर्षी कोविड योद्धा म्हणून प्रमाणपत्र मिळालं. ते मी गाद्यांच्या कपाटात, अगदी तळाशी टाकलं. टपालाचा डबा उघडताना रोज वाटायचं, आज कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. इतकी माणसं गेली आणि एकाही माणसाने मला बोलावून विचारलं नाही की बाई, त्या दिवशी तुम्ही काय केलंत? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले. आता विचारलं होतं.

पत्राच्या दुसऱ्या दिवशी त्या वेळच्या आमच्या साहेबांचा फोन आला. आता बरेच वर गेलेत. "बाई, अजिबात काळजी करू नका. नोंद पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. फोन केला, तब्येत ठीक आहे म्हणाले, एवढंच सांगायचं. हवं तर एखादं वाक्य जास्त. मुलीचा जीव शांत होईल, आपणही मोकळे."

आता यात मला सगळ्यात लाज कशाची वाटते सांगू? मी ते वाक्य तयार करायला लागले. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. 'पोरीची आठवण येतीय म्हणाले.' 'पोरीला सांगा, मी बरा हाय.' त्यांचा आवाज मला पाठ होता, त्यामुळे वाक्यं अगदी हुबेहूब यायची. एकावर तर माझंच मला रडू आलं, इतकं ते चांगलं जमलं होतं. हे पुण्याचंच काम आहे, असंही वाटून गेलं. चार वर्षं जी पोरगी एका वाक्यासाठी झुरतेय, तिला ते देऊन टाकलं तर कुणाचं काय बिघडतंय? कुणाला विचारावं तर विचारायला घरात कोण? भावाला फोन लावला, तो म्हणाला, "ताई, अगं जुनी गोष्ट आहे, साहेब म्हणतात तसं कर," आणि मग त्याच्या गुडघ्याबद्दल अर्धा तास बोलला. मी फोन ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तशीच खुर्चीत बसून राहिले. बरं वाटत नव्हतं आणि कुणाला सांगावंसंही वाटत नव्हतं.

चौकशीच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. बाहेर बाकावर पंचेचाळिशीची एक बाई बसली होती, साधा सुती ड्रेस, मांडीवर फाइल. शिपायाने माझं नाव पुकारून हजेरी घेतली तशी ती उठून उभी राहिली आणि मला बसायला जागा दिली. मी बसले. तिच्याच जागेवर.

"तुम्हीच ना त्या बाई?" तिने विचारलं. "बाबांना रोज फोन करायच्या त्या?"

मी मान हलवली.

"माझं आत बोलून झालंय. तुमचं होईपर्यंत मी थांबते. भांडायला नाही हो. बाकीचं काय ते समिती बघेल. मला तुमच्याकडून एकच कळायचंय, त्या दिवशी ते तुम्हाला काय म्हणाले."

तेवढ्यात आतून बोलावणं आलं आणि मी अक्षरशः पळाले.

आत तिघे जण होते. कूलर, बिस्किटांची बशी, चहा. अध्यक्ष म्हणून मधे बसलेल्या साहेबांनी दोन कागद माझ्यापुढे सरकवले. एक माझ्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स. सहाव्या ओळीत माझ्या दोन काड्या, सातव्या ओळीत दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात 'मयत'. दुसरा कागद टाइप केलेला, मुलीला माहितीच्या अधिकारात दिलेला. त्यात सहाव्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'शिक्षिकेने दूरध्वनीद्वारे रुग्णाशी संपर्क साधला. रुग्णाने प्रकृती स्थिर असल्याचे सांगितले. ऑक्सिजन पातळी चौऱ्याण्णव.' मी बघतच राहिले. माझ्या दोन काड्यांची कुणीतरी तीन वाक्यं केली होती! त्यात 'रुग्णाने सांगितले' हेसुद्धा होतं.

"ही नोंद आपलीच ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"काड्या माझ्या आहेत साहेब. वाक्यं माझी नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी त्यांना दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. मी जाऊन बघायला हवं होतं, गेले नाही. वरीलप्रमाणे करून टाकलं. माझं त्यांच्याशी त्या दिवशी बोलणं झालेलं नाही."

उजवीकडचे गृहस्थ चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, चार वर्षं झाली. वयपरत्वे होतं असं. नक्की आठवतंय का तुम्हाला?" आणि टाइप करणाऱ्या मुलीला सांगू लागले, "लिहा, साक्षीदारास सदर दिवसाचे नेमके स्मरण नाही."

माझं डोकंच फिरलं. वर्गात जो आवाज लागायचा तो लागला. "मला स्मरण आहे! एक वाजता आणि साडेतीनला. तुम्ही तसं लिहिलंत तर मी सही करणार नाही."

"अहो, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

"घेऊ द्या ना मग. माझाच पाय आहे. काड्यांना मी जबाबदार. पण मला सांगा, या वाक्यांना कोण जबाबदार? कुणी लिहिली ही? आणि संपर्क नाही शून्य आलं पाहिजे, हे कुणाला दाखवायला हवं होतं?"

अध्यक्ष म्हणाले, त्याची नोंद घेऊ. कुठे घेणार, वहीत की हवेत, देव जाणे. मी एक कोरा कागद मागितला आणि माझ्या अक्षरात सगळं लिहिलं. दोनदा फोन, संपर्क नाही, तरी वरीलप्रमाणे. खाली सही केली आणि आवक विभागात जाऊन त्यावर शिक्का मारून घेतला. तिथला कारकून म्हणाला, बाई, असा कागद कुणी स्वतःहून देतं का? मी त्याच्याकडून एक झेरॉक्स काढून घेतली.

मला वाटलं होतं, हे झालं की हलकं वाटेल. काहीतरी वेडेपणा! अवघड होतं ते बाहेर बाकावर होतं.

मी तिच्याशेजारी बसले आणि झेरॉक्स तिच्या हातात दिली. वाचण्याची वाट बघितली नाही, तोंडानेच सांगितलं. "त्या दिवशी तुमचे बाबा मला काहीच म्हणाले नाहीत. मी बोललेच नाही त्यांच्याशी. त्यांनी फोन उचलला नव्हता."

"पण नोंद आहे," ती म्हणाली.

"खोटी आहे. मी केलेली."

तिने कागद वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला वाटलं आता ओरडेल, मारेल, आणि खरं तर मला ते हवंच होतं. पण ती अगदी हळू आवाजात बोलायला लागली, माझ्याकडे न बघता.

"मीपण त्या दिवशी सकाळपासून त्यांना फोन लावत होते. उचलेनात. आदल्या दिवशी आमचं जोरात भांडण झालं होतं, ॲडमिट व्हा म्हणून मी फार बोलले त्यांना, त्यांनी रागाने फोन ठेवला. संध्याकाळी मी घाबरून मदतवाहिनीला लावला. तिथली मुलगी म्हणाली, आजच शिक्षिकेचं बोलणं झालंय, स्थिर आहेत. म्हटलं, म्हणजे परक्या बाईशी बोलतात आणि माझा फोन उचलत नाहीत. मला इतका राग आला. म्हटलं, बसा रुसून. मग मीही नाही केला परत. चार वर्षं मी त्यांचा फोटोसुद्धा लावला नाही घरात. जाताना माझ्याशी बोलले नाहीत म्हणून."

आईशप्पथ, मला तोपर्यंत हे सुचलंच नव्हतं. त्या काड्यांनी एका माणसाकडे कुणी गेलं नाही, एवढंच मला माहीत होतं. त्याच काड्यांनी कोल्हापुरात बसलेल्या त्यांच्या मुलीला सांगितलं होतं की तुझ्या बापाला तू नकोशी आहेस. मी रडायला लागले. तिला माझं रडणं नको होतं, तिने मान फिरवली.

आणि मग मला आठवलं की माझ्याकडे तिला द्यायला एक गोष्ट आहे. मी जुळवलेल्या वाक्यांतली नव्हे, खरी. पाचव्या दिवशी खाटेचं काही जमलं नाही हे सांगितल्यावर ते मला म्हणाले होते, "पोरीवर उगा वरडलो बाई. ती काय माझ्या वाईटावर हाय का? उद्या दम कमी झाला की मीच लावतो तिला." मी म्हटलं होतं, आत्ताच लावा की. तर म्हणाले, "आत्ता न्हाई, आवाज ऐकून घाबरंल ती." नोंदीत विचारलेलं नव्हतं म्हणून मी ते शेऱ्यात लिहिलं नव्हतं, आणि त्या चार वर्षांत मी स्वतःच्या अपराधात इतकी बुडालेली की हे बोलणं माझं नसून तिचं आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मी तिचा हात धरला आणि तिला हे सगळं सांगितलं. शब्दन्‌शब्द, त्यांच्याच बोलीत.

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत एक क्षण असं काही आलं की मला वाटलं, मिळालं तिला. मग ते गेलं.

"हे लिहिलंय कुठे?"

"नाही. तेव्हा लिहिलं नाही मी."

"आणि कुणी ऐकलं होतं?"

"मी एकटीच होते घरी."

तिने हात सोडवून घेतला, रागाने नाही. माझी झेरॉक्स घडी करून फाइलमध्ये ठेवली. "बाई, मला हे खरं वाटायला हवंय हो," ती म्हणाली. "फार हवंय. पण तुमच्यावर विश्वास कशावरून ठेवू?"

मी शपथ घेऊ का म्हटलं, तिने नको म्हणून मान हलवली. ती उठली, फाइल छातीशी धरून जिन्याकडे गेली. मी कठड्यापाशी जाऊन उभी राहिले. ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोहोचली तेव्हा मला राहवेना.

"खरंच म्हणाले होते हो ते!" मी वरून ओरडले. "उद्या लावतो म्हणाले होते!"

जिन्यातली दोन माणसं वर बघायला लागली. ती खाली उतरत राहिली.